यंतराची खोली

बाळ्याच्या घरात आता माणसं राहत नव्हती, यंतर राहत होतं. माणसं अंगणात, निळ्या ताडपत्रीखाली. आता याला कोण काय म्हणणार! घरकुल मंजूर व्हावं म्हणून बाळ्या ग्रामसेवकाच्या मागं मागं हिंडला. बापानं बांधलेलं कुडाचं घर स्वतःच्या हातानं पाडलं आणि त्याच्या कारवीच्या काठ्या चुलीत घातल्या. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर दुसरा पावसाळा गेला, आणि धरतरी हालायला लागली. दिवाळीनंतरची गोष्ट. पहिला धक्का बसला तेव्हा लोक हसले. म्हणाले, खाणवाल्यानं सुरुंग लावला असंल. मग दुसरा बसला, आणि पुढं रोजचंच झालं. मांडणीवरची भांडी खाली यायची, कोंबड्या खुराड्यात ओरडायच्या, कुत्री भलत्याच वेळी रडायची. आंबेपाड्यातल्या पक्क्या भिंतींना तडे गेले. सरकारी माणूस जीपमधून आला आणि ओरडून सांगून गेला, घरात झोपू नका.

झालं. आख्खा पाडा बाहेर आला. पौषातली थंडी, आणि दव असं की ताडपत्रीतून ठिबकून गोधडी ओली व्हायची. शुक्रीची कंबर धरली. शुक्री बाळ्याची बायको. पहाटेच्या जीपनं ती बाकीच्या बायांबरोबर खाली समुद्राकडच्या वाडीत ढोबळी मिरची तोडायला जायची, दिवसभर वाकायची आणि संध्याकाळी परत येऊन थंड जमिनीवर आडवी व्हायची. झोपताना समोर स्वतःचं घर दिसायचं. त्याला रंग होता, लोखंडी दार होतं, कडी होती. ती कडीकडे बघून बाळ्याला म्हणायची, "घर बांधला आणि राखण करायला बाहेर निजलो. काय नशीब तरी!"

 बाळ्या मुळातच कमी बोलायचा. पाड्यात त्याच्या बोलण्याला किंमत नव्हती आणि ते त्याला ठाऊक होतं. बैठकीत तो खांबाला टेकून बसायचा, लोक त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे आणि उठताना "बाळ्या, घंगाळं उचल रं" म्हणायचे. तो उचलायचा.

अशात एके दिवशी संस्थेची गाडी आली. भूकंप मोजणारी माणसं. त्यांना शांत जागा हवी होती. पक्की जमीन, वर छप्पर, आत वर्दळ नको. शाळेच्या खोलीत पोरं धुडगूस घालायची आणि समाजमंदिर रस्त्याला लागून होतं. गाडीत एक मुलगी होती. जीन्स, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल. तिनं बाळ्याचं रिकामं घर बघितलं, आतली खोली बघितली, पायानं जमीन ठोकून बघितली आणि म्हणाली, "हीच जागा. काका, देणार का?"

शुक्रीनं तिला तेवढ्यात ओळखलं. ही तर विनिता! हरिश्चंद्रशेठची धाकटी. ज्या वाडीत शुक्री मिरची तोडत होती, त्या वाडीची मालकीण. लहानपणी चिकूच्या झाडाखाली बाहुली घेऊन बसायची आणि बाया दिसल्या की "ए शुक्री, मला कैरी पाड" म्हणायची. तेव्हा एवढीशी पोर, पण "ए शुक्री". बापाचं ऐकून बोलायची. आता शिकून शहाणी झाली होती.

"मावशी, ओळखलंत ना मला?" विनिता म्हणाली.

"वळखला ना बाय. मोठी झालीस."

"एक-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तसंही तुम्ही बाहेरच झोपताय."

ते खरं होतं, म्हणून शुक्रीला जास्त लागलं. पण बाळ्यानं मान हलवून टाकली होती. आजपर्यंत कुणी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. घंगाळं सोडून.

आतल्या खोलीत जमीन उकरली. खड्ड्यात सिमेंट ओतून ओटा केला, त्यावर डब्याएवढं यंतर ठेवलं, वरून थर्माकोलची पेटी झाकली. वायर भिंतीतल्या भोकातून बाहेर, पत्र्यावर सोलरची पाटी, खाली मोटारीतल्यासारखी बॅटरी. आणि पेटीच्या बाजूला एक छोटी डबी, तिच्यावर हिरवा दिवा. त्याच खोलीत वरच्या कोनाड्यात देवांची टोपली होती, भातावर बसलेले देव. शुक्री म्हणाली, देव हलवायचे नाहीत. विनिता म्हणाली, देवांची काही हरकत नाही, ते चालत-फिरत नाहीत. सगळे हसले. शुक्री नाही हसली.

मग नियम आले. खोलीत कुणी जायचं नाही. घराशेजारी मुसळ घालायचं नाही. शेळी खुंट्याला बांधायची नाही, लाकडं फोडायची नाहीत. शुक्रीनं उखळ उचलून पार आंब्यापलीकडे नेलं. आठवड्यानं विनिता परत आली तेव्हा तिनं मांडीवर लॅपटॉप घेतला आणि बायांना गोळा करून पडद्यावरची रेघ दाखवली. सरळ रेघ, मधेच बारीक बारीक दाते.

"हे बघा. हे तुमचं मुसळ, मावशी. आंब्याखाली घालताय ना? तरी दिसतंय."

बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. शेजारची काळी तर लोळायची बाकी राहिली. "अगो शुक्री, तुझा भात सडलेला आख्ख्या जगाला कळला!" काळी म्हणजे हाल्याची बायको, धोंडी डोकरीची सून. पाड्यात लग्नाचा चौक लिहावा तर काळीनं. तिच्या हातातली काडी भिंतीवर अशी चालायची की बाकीच्या सवाशिणी नुसत्या बघत बसायच्या.

"आणि हा?" काळीनं एका जाड, काळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हा परवाचा बारीक धक्का."

काळीनं बोट पटकन मागं घेतलं, चटका बसल्यासारखं. मग परत हसली.

*

यंतर आल्यापासून बाळ्या बदलला. सकाळ-संध्याकाळ दाराची कडी काढून आत डोकवायचा, दिवा बघायचा, कडी लावायचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं आपणच ठरवलं की हिरवा दिवा म्हणजे बेस आहे. ज्या दिवशी भीती असंल त्या दिवशी तो लाल होईल. आणि योग असा की यंतर बसवल्यावर दोन-तीन आठवडे मोठा धक्का आलाच नाही. दिवा हिरवा, धरतरी शांत. अजून काय पुरावा पायजे!

पहिल्यांदा हाल्या आला. संध्याकाळचा, अंगावर घोंगडी घेऊन. "बाळ्याकाका, काय बोलतो तुझा यंतर?"

"हिरवा हाय."

"म्हणजे निजू आत? पोराला खोकला जालाय."

बाळ्यानं जरा विचार केल्यासारखं केलं. "नीज. बेस हाय."

हाल्या पोराला घेऊन आत निजला. रात्र सुखाची गेली. दुसऱ्या संध्याकाळी चौघं आले, पुढं दिवेलागणीला बाळ्याच्या अंगणात गर्दीच व्हायला लागली. लोक ताडी घेऊन यायचे आणि पहिला पेला बाळ्याला द्यायचे. बाळ्या आत जायचा, मुद्दाम जरा वेळ लावायचा, बाहेर येऊन सांगायचा. त्याची पाठ ताठ झाली. डोक्यावर टोपी आली. बैठकीत त्याला खांब सोडून मधे बसवलं. "बाळ्याकाका, तू बोल," असं लोक म्हणू लागले आणि बाळ्या बोलू लागला. यंतराला त्यानं एकदा गुपचूप नारळही फोडला. शुक्रीनं शेंड्या झाडताना बघितल्या आणि नुसतं नाक मुरडलं. पण खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटत होतं. पाणवठ्यावर बाया तिला हांडा आधी भरू द्यायच्या. सगळं आयुष्य "बाळ्याची बायको" म्हणजे कोण, तर कुणीच नाही, आणि आता बघा!

मधल्या धक्क्यांचं काय? बारीक धक्के होतेच. पण बाळ्याकडे उत्तर होतं. "ते बारीक. बारक्याला यंतर मोजत नाय."

*

यंतर बसल्यावर निलमचं लग्न ठरलं, माघातलं. निलम शुक्रीची एकुलती पोर. दहावीला दोन विषय राहिले, तेव्हापासून तीही आईबरोबर मिरचीला यायची. नवरा मनिष, तलासरीकडचा, तिकडं गुजरातच्या बोटीवर खलाशी. आधी एक जागा मोडली होती. त्या लोकांनी तोंडावर सांगितलं, ज्या गावात धरतरी नांदू देत नाय तिथली पोर आमच्याकडे नको. तेव्हा निलम दोन दिवस जेवली नव्हती. मनिषच्या घरचे तसे नव्हते, पण त्यांनीही निरोप धाडला, लग्न रीतीनं व्हायला पायजे. घरच्या भिंतीवर चौक, धवलेरीची गाणी, सगळं. ताडपत्रीवर लग्न नाय लागत. आणि पोरगा बोटीवरून सुट्टी घेऊन येणार ती तेवढीच. पुढची बोट मे महिन्यात परत यायची.

चौक म्हणजे लग्नाचा चौक, घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहायचा. त्यात देवी बसते, आणि देवी बसल्याशिवाय लग्न कसलं! भिंत पायजे देवांच्या समोरची. बाळ्याच्या घरात ती भिंत होती आतल्या खोलीत. यंतराच्या खोलीत.

शुक्रीनं विनिताला गाठलं, वाडीतच. विनिता गाडीतून उतरत होती, शुक्री डोक्यावर मिरचीचा क्रेट घेऊन उभी.

"बाय, खोली कवा देशील?"

"होळीनंतर काढू मावशी. आत्ताच चांगला डेटा यायला लागलाय."

"पोरीचा लगीन हाय माघात."

विनिताचा चेहरा खरंच पडला. ती वाईट नव्हती. "मला माहीत असतं तर दुसरीकडे बसवलं असतं. आता मधेच उचललं तर सगळं वाया जाईल. आणि मावशी, खरं सांगू? त्या खोलीत कार्यक्रम नकाच करू. मधली भिंत बघितली मी. एकेरी विटांची आहे, वर पट्टा नाही, जोड नाही. कुणी बांधली हो ती? त्यापेक्षा तुमचं जुनं कुडाचं घर बरं होतं. ते हाललं असतं, पडलं नसतं."

क्रेटचा काठ शुक्रीच्या टाळूत रुतत होता. ती म्हणाली, "तां तर पाडला. सरकारच बोलला पाडा म्हणून."

"हो," विनिता म्हणाली. 

"पण यंतर हाय ना. हिरवा दिवा असला तर भ्या नाय ना?"

"हिरवा दिवा?" विनितानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. "अहो मावशी, तो दिवा बॅटरीचा आहे. यंत्राला वीज मिळतेय, एवढाच त्याचा अर्थ. भूकंप झाल्यावर यंत्र त्याची नोंद करतं. होणाराय हे नाही सांगत. ते जगात कुणालाच सांगता येत नाही."

"मग याचा उपेग काय?"

"पुढे होईल. कुठे घरं बांधावीत, कशी बांधावीत, ते कळेल."

"घरा तर बांधून जाली, बाय."

विनितानं गॉगल काढला. मग म्हणाली, "कुणी दिव्यावर विसंबून आत झोपत नाही ना? तसं असेल तर सांगा सगळ्यांना. नक्की सांगा."

"सांगते," शुक्री म्हणाली आणि क्रेट घेऊन टेम्पोकडे गेली.

सांगणार होती ती. देवाशपथ सांगणार होती. जीपमध्ये बसल्यावर बाजूला काळी होती, समोर आणखी बाया होत्या, तोंड उघडायचं तेवढंच होतं. पण काळी म्हणाली, "शुक्री, काल बाळ्याकाकानं सांगितला म्हणून माझी सासू निजली गे आत. किती दिवसांनी घोरली!" आणि सगळ्या हसल्या. शुक्रीच्या डोळ्यांपुढं बाळ्या आला, टोपी घातलेला, मधे बसलेला. उद्या हेच लोक त्याच्या तोंडावर थुंकतील. म्हणतील, बॅटरीचा दिवा बघून देवपण करत होता येडा. घंगाळं उचलायला परत त्यालाच सांगतील. आणि निलम? दिव्यावरचा भरवसा गेला तर कोण सवाशीण त्या खोलीत पाय ठेवील? शुक्रीनं तोंडाला पदर लावला आणि बाहेर बघत बसली. उद्या सांगू, म्हणाली मनात.

तो उद्या काही आला नाही.

*

धोंडी डोकरी धवलेरी होती, गाणी म्हणून लग्न लावणारी. तिच्या गाण्याशिवाय आंबेपाड्यात कुणाचं लग्न लागलं नव्हतं. तिनं आतली खोली बघितली, मधल्या भिंतीतली चीर बघितली, चिरीत करंगळी घातली आणि बाहेर येऊन बसली.

"मी नाय बसायची."

"डोकरे, यंतर हिरवा हाय," बाळ्या म्हणाला. "मी दारात उभा राहीन. लाल जाला का हाक मारीन. तुमाला सगळ्यांना बाहेर काढीन."

"तुना यंतराचा येड लागलाय. तू गप." धोंडी शुक्रीकडे वळली. दोघींचं माहेर एकाच पाड्यातलं. "तू बोल गे. तू शहाणी, तू शेठच्या पोरीशी बोलतेस. बसू मी?"

निलम मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. हळदीनं पिवळी, हातात काकणं. ती आईकडे बघत होती. मनिष बोटीवरून आला होता, परवा वऱ्हाड येणार होतं. आंब्याच्या डहाळ्या तोडून झाल्या होत्या. शुक्रीनं आधी पोरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. बाळ्या असा उभा होता की जणू सगळं जग त्याच्या बोलण्यावर थांबलंय.

"बस," शुक्री म्हणाली. "काय होत नाय."

दुपारी चौक मांडला. भिंत शेणानं सारवलेली, वरून गेरू. काळीनं वाटलेले तांदूळ पाण्यात कालवले, बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून मऊ केलं आणि चौकट धरली. बाकीच्या सवाशिणी खालच्या बाजूला झाडं, घोडे काढत होत्या. धोंडी यंतराच्या पेटीपासून जरा लांब बसली आणि गायला लागली. तिचा आवाज जाड, थकलेला, पण एकदा लागला की खोली भरून जायची. शुक्री पिठाची वाटी धरून उभी होती. बाळ्या दारात. मधून मधून तो म्हणायचा, "हिरवा हाय, लिवा!" आणि काळी हसून म्हणायची, "लिवते रे बाबा."

शुक्रीलाही वाटलं, होऊन जाईल. देव समोर होते, गाणं चाललं होतं, चौक अर्ध्यावर आला होता. देवीचं अंग झालं, हात झाले, मस्तक तेवढं राहिलं. ते शेवटी लिहायचं. काळीनं पदर खोचला, उजवा हात उंच केला आणि भिंतीला जवळ जवळ चिकटली.

आवाज आधी आला. खालून, जमिनीच्या पोटातून, गाडी जावी तसा. मग सगळं एकदम डाव्या अंगाला ओढल्यासारखं झालं. वाटी शुक्रीच्या हातातून उडाली. "बाहेर! बाहेर!" कुणीतरी ओरडलं, तो बाळ्याच असावा. बाया एकमेकींवर पडत दाराकडे धावल्या, धोंडीला कुणी बखोटीला धरून ओढलं. काळी वळली, पण वळायला तिला जागाच नव्हती. मागं यंतराचा ओटा होता. तिचा पाय पेटीला अडकला, ती खाली पडली, आणि भिंत, तीच चौकाची भिंत, चिरीपासून उकलून आत आली.

धूळ खाली बसली तेव्हा विटांच्या ढिगाबाहेर काळीचं डोकं आणि डावा हात होता. ती ओरडत नव्हती. नुसती बघत होती. बाळ्या विटा उपसत होता, नखं फुटेपर्यंत उपसत होता, आणि मधेच वळून त्या डबीकडे बघत होता. दिवा हिरवाच होता.

*

काळीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणली, जीपनं कासाच्या दवाखान्यात नेली, तिथून पुढं सिल्वासाला. जीव वाचला. उजवा हात मनगटाच्या वरून काढावा लागला. आत हाडांचा चुरा झाला होता, ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. लग्नाचं वऱ्हाड आलं नाही. मनिषच्या बापानं निरोप धाडला, आता नको, बघू. मनिष बोटीवर परत गेला.

विनिता आली ती यंतर न्यायला. तिला बातमी कळली होती, डोळे रडलेले दिसत होते. तिनं पेटी उघडली, यंतराला काहीही झालं नव्हतं. बरोबरच्या माणसानं लॅपटॉप लावून बघितला आणि न राहवून म्हणाला, "रेकॉर्ड सुंदर आलंय." विनितानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं लॅपटॉप मिटला. पण अंगणात जमलेल्यांनी ऐकलं होतं.

हाल्या पुढं आला. आठ दिवसांत त्याचा चेहरा उतरून गेला होता. हातात पहार होती. "यंतर गाडीत नाय जायचा. मी फोडणार."

"फोडा," विनिता म्हणाली.  "फोडायचं तर फोडा. पण यंत्रानं काय केलं?"

"फसवला! हिरवा दावला आणि भिंत पाडली. माझ्या बायकोचा हात गेला!"

"अहो, हिरवा म्हणजे फक्त वीज चालू. ते भूकंप आधी सांगत नाही. कुठलंच यंत्र सांगत नाही. मी म्हटलं होतं सगळ्यांना सांगा म्हणून. मी स्वतः शुक्रीमावशींना..."

ती थांबली, पण नाव बाहेर पडलं होतं. अंगणातली सगळी तोंडं शुक्रीकडे वळली. धोंडी डोकरी दारातल्या ओट्यावर बसली होती, कपाळाला पट्टी. तीही बघत होती.  हो म्हणावं, आत्ताच म्हणावं, एकदाच सुटावं, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं.

"ती बोलली होती मना," बाळ्या म्हणाला.

तो भिंतीच्या ढिगावर बसला होता. उठला. डोक्यावरची टोपी नीट केली, मग काढून हातात घेतली.

"शुक्रीनं त्याच दिवशी सांगितला मना. दिव्यात काय नाय, बॅटरी हाय. मीच बोललो, तू बाईमाणूस, तुना काय कळते. मीच कोणाला सांगू दिला नाय. मना मान गोड लागला."

 मग हाल्यानं पहार टाकली आणि बाळ्याच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. बाळ्या हलला नाही. हाल्या रडत मारत होता आणि त्याला धरायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी धोंडीच म्हणाली, "पुरे रे." उठून चालताना ती बाळ्याच्या पायाशी थुंकली. विनिताची गाडी यंतर घेऊन निघून गेली आणि अंगण रिकामं झालं.

ताडपत्रीखाली शुक्रीनं नवऱ्याच्या गालावर ओलं फडकं ठेवलं. त्यानं ते काढून बाजूला ठेवलं.

"असा का बोललास?" ती म्हणाली. "मी जाते. आथाच जाते हाल्याकडे आणि सांगते."

"नाय जायचा."

"मना जाळते आत!"

"जळू दे." बाळ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "येड्या बापाच्या पोरीला नवरा भेटतो. बापाला हसतात आणि पोर घेऊन जातात. पण आयस अशी निघाली तर पोरीला कोण दारात उभी नाय करत. निलमचा लगीन व्हायचाय अजून."

मग तो कुशीवर वळला. त्या दिवसानंतर बाळ्या बायकोशी कामापुरतंच बोलला. बैठकीला त्याला कुणी बोलावलं नाही, आणि कुणी वाट्याला गेलंच तर शिवी देऊन गेलं. तो मान खाली घालून ऐकायचा.

शुक्री मात्र रोज काळीकडे जायची. कामाहून आली की आधी तिकडे. पाणी भरायची, चूल पेटवायची, पोराला न्हाऊ घालायची. एका हातानं काळीला वेणी घालता येत नव्हती, म्हणून शुक्री तिला दारात बसवून तेल लावायची आणि केस विंचरायची. काळीचे केस दाट होते, गुंता सुटता सुटायचा नाही.

एक दिवस केस विंचरता विंचरता काळी म्हणाली, "शुक्री, एक बोलू? राग नको धरू. तुझा नवरा पापी निघाला. पण तू बेस गे. तू सांगितला होता त्याला, त्यानंच नाय आयकला. तुझ्यासारखी बाई त्याच्या वाट्याला कशी आली देव जाणे."

शुक्रीचा हात थांबला.

"वढ ना," काळी म्हणाली. "दुखत नाय मना."

शुक्रीनं पुन्हा फणी घातली आणि वेणी शेवटापर्यंत घातली.